पीएफएएसच्या मागावर: पाणी, अंडी आणि माशाचं यकृत, नऊ आठवड्यांच्या नोंदी

काम असं होतं: पीएफएएस (कार्बनच्या साखळीवर फ्लोरिन असलेली, सहज न मोडणारी मानवनिर्मित रसायनं) या गटातली आठ संयुगं (पीएफबीए, पीएफएचएक्सए, पीएफओए, पीएफएनए, पीएफडीए, पीएफबीएस, पीएफएचएक्सएस आणि पीएफओएस) विहिरीच्या पाण्यात, कोंबडीच्या अंड्यांत आणि माशाच्या यकृतात मोजायची. यंत्र ट्रिपल क्वाड्रुपोल (आयनांना वस्तुमानावरून ओळखणारं), त्याच्या आधी लिक्विड क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातले घटक कॉलममधून वेगवेगळ्या वेळी बाहेर काढणारा), मधला सोर्स निगेटिव्ह इलेक्ट्रोस्प्रे (ऋणभारित आयन तयार करणारा). अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएस यांना प्रत्येकी लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. एवढ्या खाली मोजायचं तर नमुन्यातलं पीएफएएस कुठलं आणि आपल्याच नळ्या-झाकणांतून आलेलं कुठलं, हे आधी वेगळं करावं लागतं. माझा निम्मा वेळ त्यातच गेला, म्हणून या नोंदींतही त्याबद्दलच जास्त आहे.

४ ऑगस्ट

टेफ्लॉनही फ्लोरिनचंच प्लॅस्टिक, त्यातून पीएफएएस झिरपू शकतं, म्हणून पहिला दिवस टेफ्लॉन शोधून बाहेर काढण्यात गेला. सॅम्पलच्या काचेच्या कुप्या बाजूला ठेवल्या, पॉलिप्रॉपिलीनच्या घेतल्या. काचेच्या कुप्यांच्या झाकणातल्या सेप्टमला टेफ्लॉनचा थर असतो. मी ऑर्डर देताना तो तपशील वाचलाच नव्हता, त्यामुळे ५०० झाकणांचं न फोडलेलं खोकं दुसऱ्या गटाला देऊन टाकलं.

पॉलिथिलीनचं झाकण लावलं तर वेगळीच अडचण येते. सुईने एकदा भोक पाडलं की ते पुन्हा मिटत नाही, रात्रभरात मेथनॉल उडतं आणि कुपीतलं द्रावण घट्ट होतं. एका कुपीतून एकच इंजेक्शन घ्यायचं. परत चालवायचं असेल तर त्याच अर्काची दुसरी कुपी आधीच भरून ठेवायची.

६ ऑगस्ट

ट्यूनिंग, म्हणजे प्रत्येक संयुगाचा आयन आणि तो फोडल्यावर मिळणारे तुकडे यंत्रावर ठरवणं (आकडे वस्तुमानाचे). पीएफओएचा ४१३ चा आयन ३६९ आणि १६९ देतो, पीएफओएसचा ४९९ चा आयन ८० आणि ९९. पीएफबीएला एकच वाट, २१३ वरून १६९. तिला पडताळणीचा दुसरा आयन नाही, ही गोष्ट पुढे नडणार आहे.

आजची चूक मोठी. सिरिंजमधून थेट सोडताना मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमचं द्रावण वापरलं. सिग्नल सुंदर आला, पण नंतर नुसतं मेथनॉल सोडलं तरी पीएफओएस जाईना. सोर्स उघडून पुसला, नळी बदलली, रात्रभर मेथनॉल चालू ठेवलं. यंत्र शुद्धीवर यायला दोन दिवस लागले. शंभरपट पातळ द्रावणाने ट्यूनिंग तितकंच नीट झालं असतं.

एक उपयोगी गोष्ट हाती लागली. सोर्सचं तापमान जास्त असलं की पीएफओएमधून कार्बन डायऑक्साइड सोर्समध्येच सुटतो. मग ४१३ चा आयन क्वाड्रुपोलपर्यंत पोचण्याआधीच कमी होतो. तापमान टप्प्याटप्प्याने उतरवल्यावर सिग्नल जवळजवळ दुप्पट झाला. यंत्रासोबत येणारी तयार सेटिंग्ज या संयुगांसाठी तशीच वापरू नका.

११ ते १४ ऑगस्ट

काहीही इंजेक्ट न करता नुसता ग्रेडियंट (कॉलममधून जाणाऱ्या पाण्यात मेथनॉल हळूहळू वाढवत नेणं) चालवला. पीएफओएचं पीक (आलेखावरचा उंचवटा) आलं, तेही नेमक्या त्याच्याच वेळेला.

आधी वाटलं, मागच्या आठवड्याची घाण अजून आहे. पण तसं असतं तर प्रत्येक रनमध्ये पीक लहान होत गेलं असतं. हे जैसे थे. मग मॅडमनी सुचवलेली चाचणी केली. ग्रेडियंट सुरू होण्याआधी कॉलमवरून जास्त पाण्याचा प्रवाह किती वेळ जातो, तेवढाच वेळ बदलायचा. ५ मिनिटांना पीकचं क्षेत्रफळ १,८००, १५ मिनिटांना ५,१००, ३० मिनिटांना १०,४००. वेळ वाढली तसं पीक वाढलं, म्हणजे पीएफओए पंपाकडून थेंबाथेंबाने येत होतं. कॉलमच्या तोंडाशी ते साचायचं आणि मेथनॉल वाढलं की एकदम सुटायचं.

आत पाहिलं तर द्रावणांच्या बाटल्यांपासून पंपापर्यंतच्या नळ्या टेफ्लॉनच्या. त्या काढून पीकच्या घातल्या (हे प्लॅस्टिकचं नाव, आलेखावरचं पीक नव्हे). पीएफओए निम्म्याने कमी झालं, पण शून्य नाही. डिगॅसरच्या (द्रावणांतली हवा काढणाऱ्या भागाच्या) आतलं काही बदलता येत नाही.

उरलेल्यावर उपाय म्हणजे डिले कॉलम. हा आखूड सी-१८ कॉलम पंपाकडून येणारं पीएफएएस अडवून धरतो, म्हणून ते नमुन्यातल्या पीएफएएसच्या मागून पोचतं. तो मी पहिल्या दिवशी चुकीच्या जागी लावला, ऑटोसॅम्पलरच्या (नमुना आत सोडणाऱ्या भागाच्या) पुढे. तिथे नमुनाही त्यातूनच जातो. दोन्ही सारखेच रेंगाळले, पीक पसरट झाली आणि दाब मात्र वाढला. एक दिवस पूर्ण वाया. त्याची जागा मिक्सरनंतर आणि ऑटोसॅम्पलरच्या आधी. तसा लावल्यावर पीएफओएची दोन वेगळी पीक दिसली: पहिलं नमुन्याचं, सव्वा मिनिटाने यंत्राचं. इंजेक्शन नसलेल्या रनमध्ये पहिल्या जागी सपाट रेघ होती. चार दिवसांत तेवढं एकच चित्र छापून भिंतीवर लावलं.

१९ ऑगस्ट

पाण्याची पहिली तुकडी. २५० मिलिलिटरच्या पॉलिप्रॉपिलीन बाटल्या, वीक अॅनायन एक्स्चेंजची कार्ट्रिज (पाण्यातलं पीएफएएस धरून ठेवणारी), मेथनॉलमध्ये २ टक्के अमोनिया घालून इल्यूशन (धरलेलं सोडवून घेणं), नायट्रोजनखाली आटवून शेवटी १ मिलिलिटर. मुद्दाम पीएफएएस घातलेल्या पाच बाटल्याही सोबत घेतल्या.

निकाल (घातलेल्यापैकी किती परत मिळालं): पीएफबीएस ९० टक्के, पीएफओए ७८, पीएफडीए जेमतेम ४०. साखळी जितकी लांब तितकं नुकसान जास्त.

२० आणि २१ ऑगस्ट

दोन चुका सापडल्या, दोन्ही माझ्याच.

पहिली: बाटली रिकामी केली आणि टाकून दिली. लांब साखळीची संयुगं पाण्यात राहण्यापेक्षा बाटलीच्या भिंतीला चिकटणं पसंत करतात. टाकलेल्या पाच बाटल्या शोधून मेथनॉलने खळबळल्या. हरवलेलं बरंचसं पीएफडीए त्या मेथनॉलमध्ये मिळालं. आता इल्यूशनचं मेथनॉल आधी बाटलीत फिरवते आणि मग कार्ट्रिजवर ओतते. बाटलीतलं सगळं पाणी वापरायचं. थोडं ओतून घेऊन बाकीचं ठेवलं, तर जे मोजायचं तेच बाटलीत उरतं.

दुसरी जास्त गंभीर. कार्बन-१३ चं लेबल लावलेली स्टँडर्ड्स (तुलनेसाठी मोजून घालायचे तेच रेणू) मी शेवटच्या १ मिलिलिटरमध्ये घातली होती. मॅडमनी वही पाहिली आणि विचारलं, "अगं, बाटलीत काय हरवलं ते या स्टँडर्डला कसं कळणार? ते तर बाटलीत गेलंच नाही." खरं होतं. लेबल लावलेला रेणू नमुन्यासोबत पहिल्या पायरीपासून चालला पाहिजे, म्हणजे वाटेत जे हरवेल ते दोघांचं सारख्या प्रमाणात हरवेल आणि गुणोत्तर टिकेल. मुद्दाम घातलेल्या बाटल्या सोबत नसत्या तर मी पीएफडीएचे निम्म्याहून कमी आकडे निर्धास्तपणे लिहून दिले असते. पहिली तुकडी रद्द. वीस कार्ट्रिज आणि तीन दिवस गेले.

२२ ऑगस्ट

पीएफबीएचं पीक दुभंगलेलं. अंतिम अर्कात ८० टक्के मेथनॉल आहे आणि पीएफबीए कॉलमवरून सर्वात आधी निघतं, त्यामुळे इंजेक्शनचं मेथनॉलच त्याला पुढे ढकलतं. अर्कात पाणी वाढवलं तर पीएफडीए कुपीच्या भिंतीला चिकटतं. इंजेक्शन १० वरून २ मायक्रोलिटरवर आणलं, पीक एकसंध झालं. संवेदनशीलता थोडी गेली, ते चालेल.

२५ ऑगस्ट ते १ सप्टेंबर

सोमवारचा ब्लँक खराब आला. सगळ्या पायऱ्यांतून शुद्ध पाणी नेऊन केलेला तो ब्लँक, त्यात पीएफओए लिटरला ३ नॅनोग्रॅम. मंगळवारी तोच ०.६. बुधवारी ०.४.

मी एकेक वस्तू वेगळी तपासली. मेथनॉल आटवून पाहिलं, स्वच्छ. अमोनिया स्वच्छ. कार्ट्रिजचे दोन लॉट, फरक नाही. हातमोजे मेथनॉलमध्ये भिजवले, काही नाही. मॅनिफोल्डच्या (कार्ट्रिज बसवण्याच्या चौकटीच्या) टेफ्लॉनच्या तोट्यांतून थोडं मिळालं, त्या बदलल्या. तरी पुढच्या सोमवारी परत २.७. बुधवारचं मेथनॉल आणि सोमवारचं मेथनॉल एकाच बाटलीतलं होतं, हे वहीत लिहिलेलं असूनही मला त्याचा अर्थ लागत नव्हता.

प्रयोगशाळा आवरणारे दादा पाणी भरून ठेवत होते. ते म्हणाले, "ताई, शनिवार-रविवार हा नळ कोणी उघडत नाही. सोमवारी मी पहिलं पाणी भांडी धुवायला घेतो, तुम्ही मात्र थेट बाटली लावता." नळाच्या सांध्यावर पांढरी टेप गुंडाळलेली होती, प्लंबर वापरतात तीच. ती टेफ्लॉनची. दोन दिवस पाणी तिच्याशी लागून उभं असायचं.

पडताळणी: रात्रभर बंद ठेवलेल्या नळाचं पहिलं अर्धा लिटर पाणी आणि १० मिनिटं वाहू दिल्यानंतरचं पाणी. पहिल्यात पीएफओए होतं, दुसऱ्यात जवळपास नाही. टेप काढून रबरी वॉशरचा सांधा बसवला. शिवाय ब्लँकचं आणि मोबाइल फेजचं (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणाचं) पाणी आता आधी एका वेगळ्या कार्ट्रिजमधून काढून घेते. पुढच्या सोमवारी, म्हणजे ८ सप्टेंबरला, ब्लँक ०.२ च्या खाली. दादांचे मनापासून आभार मानले. सहा दिवस मी महागड्या यंत्राच्या आत शोधत होते आणि कारण हाताच्या अंतरावर होतं.

४ सप्टेंबर

विहिरीच्या एका नमुन्यात पीएफओएसच्या मुख्य पीकच्या आधी तीन उंचवटे. मी फक्त मुख्य पीक मोजत होते. ते उंचवटे म्हणजे फांद्या असलेले समघटक (तेच अणू, पण साखळी सरळ नाही). विद्युत-रासायनिक फ्लोरिनेशनने बनवलेल्या पीएफओएसमध्ये सरळ साखळीचा वाटा साधारण ७० टक्के असतो, उरलेला फांद्यांचा. म्हणजे माझे आकडे तेवढे कमी पडत होते. मिश्र समघटकांचं स्टँडर्ड चालवून उंचवट्यांच्या वेळा ठरवल्या, सगळे एकत्र मोजले आणि आधीच्या अकरा नमुन्यांचे आलेख हाताने पुन्हा तपासले. सॉफ्टवेअर स्वतः हे करत नाही. ते प्रत्येक वेळी सर्वात उंच पीक निवडून थांबतं.

१० सप्टेंबर

अंडी. पांढरं-पिवळं एकत्र घुसळून त्यातलं २ ग्रॅम घेतलं, १० मिलिलिटर अॅसिटोनायट्राइल, हलवणं, सेंट्रिफ्यूज. अर्क दिसायला स्वच्छ. पण आटवल्यावर तळाशी तेलकट थर, आणि लेबल केलेल्या पीएफओएसचा सिग्नल पाण्याच्या तुलनेत एक तृतीयांश. बाराव्या इंजेक्शननंतर दाब चढू लागला, गार्ड कॉलम (मुख्य कॉलमला घाणीपासून वाचवणारा) बंद पडला.

उपाय साधा निघाला. अर्क उणे २० अंशांवर रात्रभर ठेवायचा आणि थंड असतानाच सेंट्रिफ्यूज करायचा. चरबी तळाशी बसते, पीएफएएस वर राहतं. मग तो अर्क पाण्याने पातळ करून त्याच अॅनायन कार्ट्रिजवर घ्यायचा. सिग्नल ८० टक्क्यांपर्यंत परत आला.

लेबलचं स्टँडर्ड घातल्यावर लगेच अॅसिटोनायट्राइल ओतू नका. पीएफओएस प्रथिनांना धरून बसतं. स्टँडर्डलाही त्यात मिसळायला वेळ मिळाला पाहिजे. मी आता तासभर थांबते.

१६ सप्टेंबर

अंड्यांतलं पीएफबीए. आठपैकी आठ नमुन्यांत, भरपूर. युरोपीय संघाने अंड्यांसाठी पीएफओएस, पीएफओए, पीएफएनए आणि पीएफएचएक्सएस यांच्या मर्यादा घातल्या आहेत. पीएफबीए त्या यादीत नाही, पण इतके मोठे आकडे सोडून देणं मनाला पटेना. पाण्यात जे संयुग जवळपास सापडत नाही ते प्रत्येक अंड्यात कसं?

शेजारच्या विभागातल्या उच्च विभेदनाच्या (वस्तुमानातला अगदी लहान फरकही दाखवणाऱ्या) यंत्रावर दोन तास मिळाले. पीएफबीएच्या आयनाचं नेमकं वस्तुमान २१२.९७९. आमच्या अर्कात त्या जागी जेमतेम काही होतं. मोठं पीक होतं २१३.१४९ ला: बारा कार्बनचं ऑक्सो मेदाम्ल. तेही कार्बन डायऑक्साइड टाकतं, त्याचाही तुकडा १६९ चाच. ट्रिपल क्वाड्रुपोल एका एककापर्यंतच वेगळं पाहतो, त्याच्या दृष्टीने दोघं सारखेच. पडताळणीचा दुसरा आयन असता तर पहिल्याच दिवशी संशय आला असता. अंड्यांच्या अहवालातून पीएफबीए काढून टाकलं.

२२ ते २५ सप्टेंबर

माशाचं यकृत, आणि नेमका याच तऱ्हेचा पेच मोठ्या रूपात.

चार नमुन्यांत ८० च्या आयनावरून पीएफओएस किलोला ३१, १२, ९ आणि ५८ मायक्रोग्रॅम आलं. ९९ च्या आयनावरून ५.८, ४.९, ६.३ आणि ५.१. दोन आयनांचं गुणोत्तर स्टँडर्डच्या ३० टक्क्यांच्या आत असावं, अशी अट मी ठेवली आहे. इथे ते जवळजवळ दीडपट ते अकरापटीने चुकत होतं. फांद्यांच्या समघटकांमुळे हे गुणोत्तर थोडं हलतं, पण इतकं कधीच नाही.

५८ चा नमुना फ्रीजरमधून काढून पाहिला. त्याच्या कडेला हिरवट छटा होती, यकृत वेगळं करताना पित्ताशय फुटलं असणार. मग उलगडा झाला. टॉरोडीऑक्सिकोलिक आम्ल (पित्तातलं एक आम्ल, म्हणजे पित्ताम्ल) आणि त्याच्या समघटकांचा आयन ४९८.२९ चा, पीएफओएसचा ४९८.९३ चा. दोन्हींमध्ये सल्फोनेट आहे, म्हणून दोन्ही ८० चा तुकडा देतात. ९९ च्या तुकड्यात मात्र सल्फोनेटसोबत फ्लोरिन असतो. पित्ताम्लात फ्लोरिनच नाही, त्यामुळे तिथे त्याची ढवळाढवळ होत नाही. मेथनॉलच्या ग्रेडियंटमध्ये ही पित्ताम्लं पीएफओएसच्याच आसपास निघतात, फांद्यांच्या उंचवट्यांमध्ये मिसळून जातात.

पहिला प्रयत्न ग्राफाइटी कार्बनचा. अर्कात थोडा घालून हलवला, पित्ताम्लं बरीच उतरली. पण मी जेवायला गेले आणि कार्बन अर्धा तास आत राहिला. तेवढ्यात लांब साखळीचं पीएफएएसही त्याने धरून ठेवलं, पीएफडीएच्या लेबलचा सिग्नल पंचमांश उरला. आता घड्याळ लावून ५ मिनिटांच्या आत गाळते.

दुसरा प्रयत्न मेथनॉलऐवजी अॅसिटोनायट्राइलचा ग्रेडियंट. हाच खरा इलाज ठरला. पित्ताम्ल ५.१ मिनिटांना, पीएफओएस ७.९ ला. अमेरिकी संस्थेची १६३३ क्रमांकाची पद्धत या दोघांत किमान एका मिनिटाचं अंतर मागते. आमचं जवळपास तीन मिनिटांचं झालं. हिरवट नमुना परत चालवला: ८० वरून ५.३, ९९ वरून ५.२. ते दोन आकडे शेजारीशेजारी पाहिले तेव्हा खूप बरं वाटलं. मॅडमना लगेच फोन केला.

द्रावण बदललं की बाकी सगळंही पुन्हा करावं लागतं. सर्व वेळांच्या खिडक्या, कॅलिब्रेशन, डिले कॉलमची चाचणी. पीएफबीए आणखी लवकर निघू लागलं, त्यासाठी सुरुवातीचं पाण्याचं प्रमाण वाढवलं. २६ तारखेपर्यंत यातच होते.

पाण्याचे नमुने अॅसिटोनायट्राइलवर पुन्हा चालवून पाहिले, आकडे बदलले नाहीत. अंड्यांतल्या दोन नमुन्यांचं पीएफओएस मात्र थोडं उतरलं. ते जुने आकडे खोडून नवे लिहिले आणि खोडण्याचं कारण त्याच पानावर नोंदवलं.

६ ऑक्टोबर

शेवटची तुकडी. सध्या रनचा क्रम असा आहे: इंजेक्शनशिवाय एक रन, मेथनॉल, पद्धतीचा ब्लँक, पित्ताम्लाचं स्टँडर्ड, मिश्र समघटकांचं पीएफओएस, कॅलिब्रेशन, मग नमुने. दर दहा नमुन्यांनंतर एक ब्लँक आणि एक मधलं स्टँडर्ड. रात्री कोणी नसताना पंप बंद करत नाही, ५० टक्के मेथनॉल हळू चालू ठेवते.

पुनर्प्राप्ती पाण्यात ८५ ते १०८ टक्के, अंड्यांत ८१ ते ११२, यकृतात ७८ ते ११५. पाण्यात मोजण्याची खालची मर्यादा लिटरला १ नॅनोग्रॅम ठेवली. ब्लँक अजून पूर्ण शून्य नाही, त्याहून खाली जाण्याचं धाडस करणार नाही.

हिशेब: कामाचे ४६ दिवस, त्यातले १९ चुका शोधण्यात. ट्यूनिंगची घाण २, डिले कॉलम ४, लेबल आणि बाटली ३, सोमवारचा ब्लँक ६, पित्ताम्लं ४. कार्ट्रिज ८४ वापरल्या, कामाचा निकाल ४८ मधून मिळाला. गार्ड कॉलम तीन गेले. मेथनॉल अंदाजापेक्षा दुप्पट लागलं, कारण प्रत्येक वस्तू तपासताना ती मेथनॉलनेच धुवावी लागते.

राहिलेलं: यकृतातलं पीएफएचएक्सएस. ३९९ वरून ८० च्या मार्गावर एका नमुन्यात लहानसा खांदा दिसतोय, ९९ वर दिसत नाही. उच्च विभेदनाच्या यंत्रावर गुरुवारची वेळ मागितली आहे. तोपर्यंत त्या नमुन्याचा आकडा कुणालाही देणार नाही.